हिमस्खलन सुरक्षा व बचाव : प्राथमिक शिक्षण

हिवाळ्यात बर्फाच्या उतारांवरून पायी किंवा स्कीवर जाणाऱ्यांनी हिमस्खलनाचा धोका ओळखणे, तो टाळणे आणि गाडल्या गेलेल्या सोबत्याला बाहेरची मदत पोहोचण्याआधी स्वतः शोधून काढणे, यांसाठी घ्यावयाचे शिक्षण. बर्फ कधीच न पडणाऱ्या बडोद्यातून केदारकंठा, मनाली किंवा गुलमर्गकडे निघणाऱ्या मराठी गिरिप्रेमींपुरते या शिक्षणाचे दोन भाग पडतात : शोधाचा व खोदकामाचा सराव घराजवळ होऊ शकतो, उताराची पारख मात्र बर्फावर, जाणकाराबरोबर राहूनच येते.

प्राणघातक हिमस्खलनांत बहुधा वरचा घट्ट थर खालच्या ठिसूळ थरावरून अखंड पाट्यासारखा सुटतो. असे उतार प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांचे असतात. घरातल्या जिन्याचा चढ साधारण याच मर्यादेत बसतो, आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातील जुन्या वाड्यांचे जिने तर कधी त्याहूनही उभे असतात; कोनमापकाने ते मोजून पाहिले, की ‘फार उभा नाही’ असे वाटणारा उतार किती फसवा असतो हे ध्यानात येते. नुकतीच झालेली जोरदार हिमवृष्टी, वाऱ्याने साठलेला बर्फ, तापमानातील झपाट्याची वाढ, पावलाखाली ‘धप्प’ आवाज होऊन बर्फ खचणे, त्यात चिरा धावणे या धोक्याच्या ठळक खुणा होत. बहुतेक अपघातांत थर सुटतो तो अडकलेल्या व्यक्तीच्या किंवा तिच्या सोबत्याच्याच भाराने. म्हणून संशयास्पद उतार टाळावा, आणि ओलांडणे भागच असेल तर एकेकाने ओलांडावा. भारतीय हिमालयासाठी हिमस्खलनाचे इशारे चंदीगड येथील डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था देते.

पूर्ण गाडली गेलेली व्यक्ती पहिल्या १५ मिनिटांत बाहेर निघाल्यास जगण्याची शक्यता सुमारे ९० टक्के असते. ३५ मिनिटांनंतर ती साधारण एकतृतीयांशावर येते, कारण बहुतेक मृत्यू गुदमरून होतात. हेलिकॉप्टर इतक्या लवकर क्वचितच येते. त्यामुळे प्रत्येकाजवळ ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा ट्रान्सीव्हर (रेडिओ-संदेश सोडणारे व टिपणारे छोटे यंत्र), जोडून लांब होणारी शोधकाठी (प्रोब) आणि धातूचे फावडे हवे. तिन्हींपैकी एक जरी नसले तरी उरलेली दोन जवळपास निरुपयोगी ठरतात.

वाटचालीत सर्वांचे ट्रान्सीव्हर संदेश सोडत असतात. अपघात होताच, पुन्हा स्खलनाचा धोका नाही ना हे पाहून, उरलेल्या सगळ्यांनी ते शोधस्थितीत आणावेत. एकाचा जरी राहिला तरी शोधणारे भलत्याच माणसाकडे धावतात. मोबाइल बंद करून, सोबती शेवटचा दिसला त्या जागेच्या खालच्या बाजूस शोध सुरू करतात. यंत्राच्या पडद्यावरील अंतराचा आकडा उतरत जाईल तशी चाल मंद करावी, आणि तो ३ मीटरपर्यंत आला की यंत्र बर्फालगत धरून सर्वांत कमी आकड्याची जागा शोधावी. तेथून बाहेर सर्पिलाकार सरकत, दर २५ सेंटिमीटरवर, बर्फाच्या पृष्ठाशी काटकोनात काठी खुपसतात. काठी माणसाला लागली की ती तशीच ठेवतात आणि उताराच्या खालच्या बाजूने, खोलीच्या सुमारे दीडपट अंतरावरून खोदत आत शिरतात. थेट वरून खणल्यास गाडलेल्याच्या डोक्यावरच भार पडतो.

बडोद्याच्या कमाटीबागेत पाचोळ्याखाली पिशवीत लपवलेले चालू यंत्र घड्याळ लावून शोधणे, किंवा मही नदीच्या वाळूत पुरलेले पोते काठीने हुडकून उकरणे, हा सराव त्यामुळेच उपयोगी आहे (माणसाला मात्र कधीही पुरू नये). वाळू हिमस्खलनाच्या बर्फाइतकी घट्ट नसते. थांबल्यावर तो बर्फ इतका आवळतो, की हाताने उकरणे जवळजवळ अशक्य होते.

साधने व प्रशिक्षण असूनही जीव वाचेलच असे नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का दांडा येथे उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षण तुकडी हिमस्खलनात सापडली. शिवाय हिमस्खलनात सापडणाऱ्यांपैकी काही जण गुदमरण्याआधीच खडक वा झाडांवरील आघाताने दगावतात.

माणूस हाती लागताच प्रथम तोंड व नाक मोकळे करून छातीवरील बर्फ दूर करतात. श्वास नसल्यास कृत्रिम श्वास व छातीवर दाब देणे तेथेच सुरू होते. थंडीने गारठलेल्या शरीराला धसका बसू नये म्हणून त्याला आडवे ठेवून, शक्य तितके कमी हलवतात.