नव्या अध्यक्षासमोरचा विरोधी पक्ष : अमेरिकेतील पहिल्या दोन वर्षांचा इतिहास

बेळगावात वाढलेले आणि २०२२ मध्ये डेट्रॉइट परिसरातून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आलेले डेमोक्रॅटिक पक्षाचे सदस्य श्री ठाणेदार यांनी एप्रिल २०२५ च्या अखेरीस अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाची सात कलमे दाखल केली आणि मे महिन्यात त्यांवर सभागृहात मतदान घ्यावे असा आग्रह धरला. ट्रम्प यांच्या दुसऱ्या कारकिर्दीला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. ठाणेदारांना आवरले ते त्यांच्याच पक्षातील ज्येष्ठांनी. बहुमत हाती नसताना, हरणारच असलेले मतदान मागून पदरात काय पडणार, असा त्यांचा सवाल होता, आणि १४ मे रोजी ठाणेदारांनी मतदानाची मागणी सोडून दिली. एका सदस्याचा उतावीळपणा म्हणून हा प्रसंग बाजूला ठेवता येईल. परंतु नुकत्याच निवडून आलेल्या अध्यक्षाला पहिल्या दिवसापासून अडवायचे, थोडी मुदत द्यायची, की निवडक बाबतींत साथ देऊन उरलेल्या बाबतींत भांडायचे, हा प्रश्न पराभूत पक्षापुढे दर वेळी नव्याने उभा राहतो आणि त्याच्या उत्तराची कसोटी दोन वर्षांच्या आत लागते.

आपल्याकडे सरकार कोसळले की मध्यावधी निवडणूक होते. अमेरिकेत ती ठरलेल्या वेळीच येते. प्रतिनिधिगृहाच्या सर्व ४३५ जागा आणि सिनेटच्या सुमारे एक तृतीयांश जागा दर दोन वर्षांनी मतदारांपुढे जातात, त्यामुळे चार वर्षांसाठी निवडलेल्या अध्यक्षाला मध्येच एका परीक्षेला बसावे लागते. यादवी युद्धानंतरच्या काळात अशा निवडणुकीत अध्यक्षाच्या पक्षाच्या प्रतिनिधिगृहातील जागा घटण्याऐवजी वाढल्याची ठळक उदाहरणे तीनच आहेत : १९३४, १९९८ आणि २००२. म्हणजे वारे मुळातच विरोधकांच्या बाजूने वाहत असते. मात्र त्या वाऱ्याचा उपयोग करून घेण्याची साधने तिथल्या विरोधी पक्षाकडे तुटपुंजी असतात. मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता असे पद नाही, पक्षांतरबंदी कायदा नाही, पक्षादेश मोडणाऱ्याची सदस्यता जात नाही. सिनेटमध्ये बहुतेक विधेयकांवरील चर्चा संपवण्यासाठी ६० मते लागतात, आणि अल्पमतातल्या पक्षाच्या हाती खरी अडवणुकीची शक्ती असते ती एवढीच.

दुसऱ्या महायुद्धानंतरची पहिली मध्यावधी निवडणूक १९४६ मध्ये झाली. रूझवेल्ट यांच्या निधनामुळे अध्यक्षपदी आलेले हॅरी ट्रुमन महागाई, संप आणि मांसाची टंचाई यांनी बेजार झालेले होते. ‘हॅड इनफ?’, म्हणजे ‘पुरे झाले ना?’, एवढ्या एका प्रश्नावर रिपब्लिकन पक्षाने प्रचार केला आणि दोन्ही सभागृहे जिंकली. स्वतः काय करणार हे सांगण्याची त्यांना गरजच पडली नाही, आणि पुढे नेमके तेच अंगाशी आले. १९४८ च्या जुलैत रिपब्लिकन पक्षाच्या जाहीरनाम्यात घरबांधणीसारखी आश्वासने आलेली पाहून ट्रुमन यांनी काँग्रेसचे खास अधिवेशनच बोलावले : आश्वासने दिली आहेत, बहुमतही तुमचेच आहे, तर आता कायदे करून दाखवा. त्या अधिवेशनात फारसे काही झाले नाही. ट्रुमन यांनी सबंध प्रचार त्या निष्क्रिय काँग्रेसविरुद्ध केला आणि सगळे अंदाज खोटे ठरवत ते निवडून आले.

१९५३ मध्ये भूमिका उलट झाल्या. लोकप्रिय सेनानी ड्वाइट आयझेनहॉवर अध्यक्ष झाले आणि डेमोक्रॅटिक पक्षाची सूत्रे टेक्सासच्या दोघांकडे होती : प्रतिनिधिगृहात सॅम रेबर्न आणि सिनेटमध्ये लिंडन जॉन्सन. लोकांच्या आवडत्या अध्यक्षावर तुटून पडण्यात अर्थ नाही हे दोघांनी ओळखले होते. आयझेनहॉवर यांची खरी डोकेदुखी त्यांच्याच पक्षातील उजवी फळी होती. ओहायोचे रिपब्लिकन सिनेटर जॉन ब्रिकर यांनी अध्यक्षाच्या आंतरराष्ट्रीय करारांच्या अधिकाराला लगाम घालणारी घटनादुरुस्ती मांडली, तेव्हा जॉन्सन यांनी पडद्याआडून सूत्रे हलवून ती रोखण्याला हातभार लावला. फेब्रुवारी १९५४ मध्ये तिचा सुधारित मसुदा दोन तृतीयांश बहुमताला एका मताने कमी पडला. अध्यक्षाला त्याच्या पक्षापासून वाचवणारा विरोधी पक्ष, अशी प्रतिमा त्यातून उभी राहिली. त्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाने दोन्ही सभागृहे परत मिळवली आणि प्रतिनिधिगृह तर पुढची ४० वर्षे सोडले नाही.

या सगळ्या इतिहासात कोणाचे वागणे बारकाईने पाहावे असे विचारले, तर मी १९८१ मधील सभापती टिप ओ’नील यांचे नाव घेईन. रोनाल्ड रेगन दणदणीत विजय मिळवून आले होते. मार्च अखेरीस त्यांच्यावर गोळीबार झाला आणि त्यातून ते ज्या धीराने सावरले त्यामुळे त्यांची लोकप्रियता आणखी वाढली. प्रतिनिधिगृहात बहुमत डेमोक्रॅटिक पक्षाचे होते, सभापती त्यांचे होते, कामकाजाची चावी त्यांच्याकडे होती. रेगन यांची विधेयके महिनोन् महिने समित्यांत कुजवणे ओ’नील यांना शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. अंदाजपत्रक आणि करकपात यांवर उन्हाळ्यातच मतदान होऊ दिले. दक्षिणेतील ‘बोल वीव्हिल’ म्हणून ओळखले जाणारे पुराणमतवादी डेमोक्रॅट फुटले आणि ओ’नील दोन्ही मतदानांत हरले. करकपातीचे विधेयक तर २३८ विरुद्ध १९५ मतांनी मंजूर झाले. वृत्तपत्रांनी त्यांना थकलेला, कालबाह्य नेता ठरवले.

पण हरतानाही एक गोष्ट पक्की होत होती : आर्थिक धोरण आता सर्वस्वी रेगन यांचे होते. त्याच वर्षी मे महिन्यात सरकारने वयाच्या ६२ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्यांच्या सामाजिक सुरक्षा वेतनात मोठी कपात सुचवली. पूर्ण वेतनाच्या ८० टक्के मिळणारी रक्कम ५५ टक्क्यांवर येणार होती. इथे मात्र ओ’नील यांनी तसूभरही माघार घेतली नाही. सिनेटमध्ये रिपब्लिकन बहुमत असूनही तिथे या प्रस्तावाविरोधातील ठराव ९६ विरुद्ध ० मतांनी मंजूर झाला आणि प्रस्ताव बारगळला. पुढच्या वर्षी मंदी आली, मतदानाच्या काही आठवडे आधी बेकारीचा दर १० टक्क्यांच्या वर गेल्याचे जाहीर झाले, आणि डेमोक्रॅटिक पक्षाने प्रतिनिधिगृहात २६ जागा वाढवल्या. विरोधकांनी विधेयके अडवून ठेवली असती, तर मंदीचे खापर त्यांच्याच माथी फोडणे रेगन यांना सोपे गेले असते. शिवाय १९८३ मध्ये सामाजिक सुरक्षा योजनेची तूट भरून काढणारी तडजोड याच दोघांच्या संमतीने झाली, हेही विसरू नये.

१९९३ मध्ये रिपब्लिकन पक्षाने याच्या नेमकी उलट वाट धरली. बिल क्लिंटन यांच्या अंदाजपत्रकाला दोन्ही सभागृहांत एकाही रिपब्लिकन सदस्याने मत दिले नाही. प्रतिनिधिगृहात ते २१८ विरुद्ध २१६ असे निसटते मंजूर झाले. पेन्सिल्वेनियातील एका श्रीमंत, परंपरेने रिपब्लिकन मतदारसंघातून आलेल्या मार्जरी मार्गोलिस-मेझविन्स्की यांनी शेवटच्या क्षणी बाजूने मत टाकले, तेव्हा समोरच्या बाकांवरून त्यांना निरोपाच्या आरोळ्या ऐकू आल्या, आणि त्या आरोळ्या वर्षभराने खऱ्याही ठरल्या. सिनेटमध्ये उपाध्यक्ष अल गोर यांचे निर्णायक मत लागले. एरवी सरसकट नकाराचा असा बोलबाला असला, तरी त्याच वर्षी उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करार मंजूर झाला तो डेमोक्रॅट सदस्यांपेक्षा रिपब्लिकन सदस्यांची मते अधिक मिळाल्यामुळे, हा तपशील सहसा कोणी सांगत नाही. प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन नेते न्यूट गिंग्रिच यांना फक्त नकार पुरेसा वाटला नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये त्यांनी तीनशेहून अधिक उमेदवारांना संसद भवनाच्या पायऱ्यांवर उभे करून ‘अमेरिकेशी करार’ जाहीर केला. ५४ जागा वाढल्या, खुद्द सभापती टॉम फोली आपल्या मतदारसंघात हरले. पुढे सरकारी कामकाज ठप्प करण्यापर्यंत मजल गेली, जनमत क्लिंटन यांच्याकडे झुकले आणि १९९६ मध्ये ते पुन्हा निवडून आले.

२००२ हा अपवाद असला तरी शिकवण्याजोगा आहे. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर जॉर्ज बुश यांना विरोध करणेच अवघड होते. इराकचा विषय लवकर मिटवून पुन्हा अर्थव्यवस्थेवर बोलता येईल, या हिशेबाने डेमोक्रॅटिक नेते रिचर्ड गेफार्ट यांनी ऑक्टोबरमध्ये युद्धाच्या ठरावाला पाठिंबा दिला. विषय मिटला नाही. व्हिएतनाममध्ये दोन्ही पाय आणि उजवा हात गमावलेले सिनेटर मॅक्स क्लेलंड यांनीही त्या ठरावाच्या बाजूने मत दिले होते. तरीही जॉर्जियात त्यांच्याविरुद्ध बिन लादेन आणि सद्दाम हुसेन यांची छायाचित्रे असलेली जाहिरात चालवली गेली आणि ते हरले. भीतीपोटी दिलेल्या पाठिंब्याची किंमत विरोधी पक्षाला मिळत नाही, त्याचे श्रेय मात्र अध्यक्षाला मिळते.

२००९ मध्ये बराक ओबामा यांच्यापुढे रिपब्लिकन पक्षाने पुन्हा संपूर्ण नकाराचे धोरण घेतले. ७८७ अब्ज डॉलरच्या आर्थिक पॅकेजला प्रतिनिधिगृहात एकही रिपब्लिकन मत मिळाले नाही, आरोग्य विमा कायद्यालाही नाही. २०१० मध्ये त्या पक्षाच्या ६३ जागा वाढल्या. सिनेट मात्र हाती आली नाही, कारण डेलावेअर आणि नेवाडा यांसारख्या राज्यांत संतापलेल्या कार्यकर्त्यांनी पक्षांतर्गत मतदानात निवडलेले उमेदवार सर्वसामान्य मतदारांच्या पचनी पडले नाहीत. दोन वर्षांनी ओबामाही पुन्हा जिंकले. विरोधाची धार वाढवण्यासाठी पेटवलेला कार्यकर्ता उमेदवारी देताना पक्षनेत्यांचे ऐकत नाही, ही अडचण २०२२ मध्येही दिसली. तेव्हा रिपब्लिकन पक्षाला प्रतिनिधिगृह जेमतेम मिळाले आणि सिनेटमध्ये एक जागा उलट कमी झाली.

२०१८ ची गोष्ट ओ’नील यांच्या वळणाची आहे. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत रस्त्यावरचा विरोध जोरात होता, महाभियोगाची मागणीही होती. पण प्रतिनिधिगृहातील डेमोक्रॅटिक नेत्या नॅन्सी पेलोसी यांनी उमेदवारांना आरोग्य विम्यावर बोलायला लावले. आधीपासूनच्या आजारांना मिळणारे विमा संरक्षण जाईल, ही भीती घराघरांत होती. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रतिनिधिगृहात ४० जागा वाढल्या, सिनेटमध्ये मात्र दोन कमी झाल्या.

ठाणेदारांना थांबवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा हाच हिशेब होता. मार्च २०२५ मध्ये सिनेटमधील डेमोक्रॅटिक नेते चक शूमर यांनी सरकारी खर्चाचे विधेयक न अडवता पुढे जाऊ दिले, तेव्हा कार्यकर्ते त्यांच्यावर भडकले. ऑक्टोबरमध्ये मात्र पक्षाने विम्याच्या हप्त्यांवरील वाढीव अनुदानाचा मुद्दा धरून खर्चाचे विधेयक रोखले आणि सरकारी कामकाज ४३ दिवस ठप्प राहिले. शेवटी त्यांच्याच गोटातील आठ सिनेटर रिपब्लिकन बाजूला गेले आणि बदल्यात अनुदानाच्या मुद्द्यावर केवळ मतदानाचे आश्वासन मिळाले. डिसेंबरात ते मतदान झाले आणि प्रस्ताव पडला. अनुदानाची मुदत २०२५ बरोबर संपली, त्यामुळे वाढलेल्या हप्त्यांची बिले लोकांच्या हाती पडायला लागली ती ३ नोव्हेंबर २०२६ च्या मध्यावधी निवडणुकीच्या वर्षातच.