४,२९,४९,६७,२९७ (पाचवी फेर्मा संख्या)

२ च्या ३२ व्या घातात १ मिळवल्यावर येणारी संयुक्त संख्या. मूळ (१ व स्वतःखेरीज विभाजक नसलेले) अवयव दोनच : ६४१ आणि ६७,००,४१७. फेर्मा संख्यांची (२ च्या १, २, ४, ८, १६, ... व्या घातात १ मिळवून येणाऱ्या ३, ५, १७, २५७, ६५,५३७, ...) मोजणी शून्यापासून होते, म्हणून क्रमाने सहावी असूनही ही ‘पाचवी’.

पहिल्या पाच मूळ आहेत, तेव्हा या रूपाच्या सर्वच संख्या मूळ असाव्यात, असे फ्रेंच गणिती प्येर द फेर्मा यांनी १६४० च्या सुमारास पत्रांतून मांडले. त्यांना विभाजक कसा सापडला नाही, याबद्दल मतभेद आहेत. २ च्या ३७ व्या घातातून १ वजा केल्यावर येणाऱ्या संख्येचा २२३ हा विभाजक त्यांनी ज्या विचाराने (विभाजक कोणत्या रूपाचे असू शकतात ते आधी ठरवून) काढला, तोच येथे लावला तर ६४१ फार दूर नाही. पद्धत ठाऊक नव्हती असे मानण्यापेक्षा आकडेमोड चुकली आणि ताळा पुन्हा पाहिला गेला नाही, हे मत अधिक पटण्याजोगे आहे.

गणिती गोल्डबाख यांनी १७२९ मध्ये पत्राने लक्ष वेधल्यावर गणिती लेओनार्ड ऑयलर यांनी बहुधा १७३२ मध्ये अवयव काढले. या संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक ६४क + १ (क पूर्णांक) या रूपाचा असतो, ही सिद्धता त्यांनी नंतर दिली. शोधाच्या वेळी तीच वापरली असावी. १९३, २५७, ४४९, ५७७ यांनी भाग जात नाही, पाचव्या ६४१ ने जातो. पुढे फ्रेंच गणिती ल्यूका यांनी हे रूप १२८क + १ असे आवळले. मग ६४१ च्या आत २५७ एवढाच मूळ उमेदवार उरतो. तो स्वतः फेर्मा संख्या आहे आणि कोणत्याही दोन फेर्मा संख्यांना १ खेरीज सामाईक विभाजक नसतो, म्हणून तोही गळतो. ६७,००,४१७ मूळ ठरवण्यासाठी ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९ एवढ्यांनीच भागून पाहणे पुरते.

भागाकाराविनाही पडताळा होतो. ६४१ = ५ × १२८ + १, म्हणून ५ × १२८ ची ६४१ ने बाकी −१; चौथा घात घेता ६२५ × (२ चा २८ वा घात) याची बाकी १. पण ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ६२५ च्या जागी −१६ चालते. त्यावरून २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ येते.

६५,५३६ व १, तसेच ६२,२६४ व २०,४४९ यांच्या वर्गांची बेरीज हीच संख्या देते. मूळ संख्या अशी दोन तऱ्हांनी मांडता येत नाही, म्हणजे संयुक्तता येथेही उघड होते. २ हा पाया घेऊन केलेली फेर्मा कसोटी (मूळ विषम संख्येहून एक कमी इतक्या २ च्या घाताला त्या संख्येने भागल्यास बाकी १ येते, हे तपासणारी) मात्र फसते : संख्या संयुक्त असूनही उत्तीर्ण होते. फेर्मा संख्या मूळ आहे का हे ठरवणारी ३ पायाची पेपँ कसोटी (१८७७) तिला अचूक पकडते.

संगणकात ३२ बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकात ही मावत नाही. ३३ वा बिट गळून १ उरतो. गणन ६४ बिटांत करावे.

एवढ्या बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी-कंपासने काढता येत नाही; दोन बाजू कमी केल्या (४,२९,४९,६७,२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७, म्हणजे वेगवेगळ्या मूळ फेर्मा संख्यांचा गुणाकार) तर तत्त्वतः येतो.