कलम (फॉन्ट)

देवनागरी आणि रोमन लिपींसाठीचा हस्ताक्षरी वळणाचा फॉन्ट. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. देवनागरी अक्षरे लिपी रावल यांनी, तर रोमन अक्षरे जॉनी पिनहॉर्न यांनी रेखाटली. लाइट, रेग्युलर आणि बोल्ड अशा तीन वजनांत, म्हणजे रेघेच्या तीन जाड्यांत, तो मिळतो. परवाना मुक्त असल्याने गूगल फॉन्ट्सवरून कोणीही तो फुकट उतरवून घेऊ शकतो, व्यावसायिक कामातही वापरू शकतो. नुसता फॉन्ट मात्र विकता येत नाही.

स्केचपेनने कागदावर भरभर लिहावे तशी ही अक्षरे दिसतात. देवनागरी उजवीकडे ८ अंशांनी कललेली आहे, रोमन ९.५ अंशांनी. लाइट आणि रेग्युलरमध्ये रेघांची टोके गोल आहेत, बोल्डमध्ये ती सपाट होतात. घाईतल्या हाताचा मोकळेपणा सर्वांत जास्त दिसतो तो रकारात. ‘प्र’, ‘ट्र’ मोठ्या आकारात टाइप करून पाहावे.

हाताने लिहिताना बरेच जण आधी शब्दाची अक्षरे काढतात आणि मग एका दमात वरून शिरोरेघ ओढतात. ती वरखाली होते, कधी एखाद्या अक्षराला चुकवतेही. फॉन्टला ही मुभा नाही. प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याचा शिरोरेघेचा तुकडा डोक्यावर घेऊनच येते आणि तो शेजारच्याशी नेमका जुळावा लागतो. म्हणून देवनागरीत खेळकर हस्ताक्षरी फॉन्ट करणे रोमनपेक्षा अवघड. त्यात जोडाक्षरांची भर: कलमच्या प्रत्येक वजनात १,०२५ चिन्हे आहेत. एवढे करूनही ‘ममता’मधले दोन्ही ‘म’ हुबेहूब सारखेच उमटतात आणि मोठ्या मथळ्यात तो हात यंत्राचा असल्याचे उघड होते.

बालपुस्तकांतील चित्रांखालच्या ओळी, वर्गातले तक्ते, चित्रकथेतील संवादांचे फुगे, बारशाची पत्रिका, लोणच्याच्या बरणीवरचे लेबल अशा चार ओळींच्या कामांत कलम शोभतो. पानभर मजकुराला तो लावू नये, सततचा कल वाचताना त्रास देतो. नोटिशीत किंवा निधनवार्तेत तर तो सरळसरळ विजोड दिसतो. मथळा कलममध्ये आणि खालचा मजकूर मुंबईच्या एक टाइपच्या ‘मुक्ता’सारख्या सरळ फॉन्टमध्ये, ही जोडी चांगली जमते. त्याच एक टाइपचा गुबगुबीत ‘मोदक’ही खेळकरच, पण त्याचा हस्ताक्षराशी संबंध नाही आणि कलमशेजारी ठेवल्यास तो त्याला झाकून टाकतो.

मांडणी करताना अक्षरांतले अंतर वाढवू नये. शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. कलम युनिकोड फॉन्ट आहे, म्हणजे अक्षरांच्या जगभर चालणाऱ्या प्रमाणित संकेतक्रमांवर बेतलेला. श्री-लिपी या टंकलेखन सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर त्यात थेट चिकटवला तर निरर्थक चिन्हे उमटतात, आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींची जुळणी सुरू नसेल तर पहिली वेलांटी अक्षरानंतर पडते आणि जोडाक्षरे पाय मोडलेल्या स्थितीत राहतात. छपाईला देण्यापूर्वी हे डोळ्यांखालून घालावे.