जखमेवरचं टॉर्निकेट आणि सर्पदंशावरची दोरी

ऊसतोडीच्या हंगामात फडात दोन अपघात ठरलेले. एक, कोयता उसाऐवजी नडगीवर बसतो. दुसरा, पाचटात दडलेल्या घोणसवर पाय पडतो. दोन्ही वेळा शेजारचा माणूस एकच गोष्ट करतो: डोक्याचा टॉवेल सोडतो, नाहीतर बैलगाडीतलं दावं ओढतो, आणि जखमेच्या वर गच्च बांधतो. कराडपासून वाळवा-शिराळ्यापर्यंतच्या पट्ट्यात हे इतकं अंगवळणी पडलंय, की दोन बांधण्यांत काही फरक आहे असं कुणाच्या मनातही येत नाही.

फरक मोठा आहे. कोयत्याच्या जखमेत धमनी तुटली असेल, तर नीट केलेलं बांधणं जीव वाचवतं. सर्पदंशात तेच बांधणं पाय घालवतं, कधीकधी जीवही. अपशिंगे मिलिटरीसारखी फौजींची गावं असलेल्या साताऱ्यात घोळ आणखी वाढण्याची शक्यता असते, कारण टॉर्निकेट, म्हणजे दांडीने पीळ देऊन धमनी बंद करायची पट्टी, लावायला शिकलेला माणूस गावात सहज सापडतो आणि लोक त्यालाच हाक मारतात. त्याला बांधता येतं हे खरं. कशासाठी बांधायचं नाही, हा धडा वेगळा.

आधी दाबाचं गणित बघू. धमनीतला दाब 120 मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास चढतो. शिरांमध्ये तो खूपच कमी, आणि लसीकावाहिन्यांत, म्हणजे पेशींभोवतालचा द्रव (लसीका, लिम्फ) वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, जवळपास नाहीच. आता मांडीला टॉवेलची साधी गाठ मारली तर काय होतं? शिरा आणि लसीका दबतात, धमनी चालूच राहते. रक्त पायात येत राहतं, परत जाऊ शकत नाही. जखम असेल तर ती जास्तच वाहते, कारण कोंडलेल्या रक्ताला तीच एक वाट उरते. जखम नसेल तर पाय सुजतो, निळा पडतो. म्हणजे अर्धवट आवळलेलं बांधणं रक्तस्रावात उपयोगाचं नाही आणि सर्पदंशातही नाही. आणि फडात घाईघाईने बांधलं जातं ते बहुतेक वेळा हेच.

टॉर्निकेटचं काम धमनी पूर्ण बंद करणं. त्यासाठी रुंदी लागते आणि पीळ लागतो. लष्करात सर्वांत जास्त वापरलं जाणारं टॉर्निकेट म्हणजे सुमारे 4 सेंटीमीटर रुंद पट्टी, बक्कल, पीळ द्यायची दांडी, दांडी अडकवायची खाच आणि वेळ लिहायची पांढरी चिठ्ठी. जखमेच्या 5 ते 7 सेंटीमीटर वर लावायचं, गुडघ्यावर किंवा कोपरावर कधीच नाही. जखम नेमकी कुठे आहे ते कपड्यांमुळे दिसत नसेल, तर मांडीच्या किंवा दंडाच्या अगदी वरच्या टोकाला. आधी पट्टी हाताने जितकी ओढता येईल तितकी ओढायची, खाली तीन बोटं शिरता कामा नयेत. मगच दांडी फिरवायची. नवशिक्यांचं चुकतं ते इथेच. पट्टी ढिली ठेवून दांडी फिरवत बसतात. तीन-चार फेऱ्यांत कापड गोळा होतं, दांडी पुढे फिरत नाही आणि रक्त चालूच. खिशात तंबाखूची डबी किंवा मोबाइल राहिला तरी पट्टी एका बाजूला उचलली जाते आणि धमनी सुटते. म्हणून खिसा आधी रिकामा.

कुठवर आवळायचं? रक्त थांबेपर्यंत आणि खाली पायाची किंवा मनगटाची नाडी लागेनाशी होईपर्यंत. जखमी ओरडणार. ते दुखणं म्हणजे बिघडल्याची खूण नव्हे, ते तसंच दुखतं. प्रशिक्षणातली अडचणही हीच: सरावात जोडीदाराला दुखू नये म्हणून पूर्ण आवळलं जात नाही, हाताला तेवढ्याच जोराची सवय लागते आणि खऱ्या प्रसंगी टॉर्निकेट ढिलं राहतं. म्हणून सरावात निदान एकदा तरी नाडी बंद पडेपर्यंत आवळून, बोटाने खात्री करून, लगेच सोडावं. सरावाचं टॉर्निकेट वेगळं ठेवावं; वारंवार ताणलेली पट्टी खऱ्या वेळी दगा देते. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या नकलांची दांडी वाकते किंवा तुटते, त्यामुळे दोन-तीनशे वाचवण्याची ही जागा नाही.

एकाने रक्त थांबलं नाही तर पहिलं काढायचं नाही. त्याला लागून, वरच्या बाजूला दुसरं लावायचं. मग वेळ लिहायची. कागद नसेल तर जखमीच्या कपाळावर पेनने, तेही नसेल तर फोनवर फोटो काढला की वेळ आपोआप नोंदली जाते. सर्जनला ही नोंद लागतेच: दोन तासांपर्यंत अवयवाला धोका कमी असतो, पुढे तो वाढत जातो, आणि सहा तास उलटल्यावर दवाखान्याबाहेर ते सोडायचंच नाही, कारण मेलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम एकदम हृदयाकडे जातं.

टॉर्निकेट हाताशी नसेल आणि बनवावंच लागलं तर टॉवेलची चार-पाच सेंटीमीटर रुंद घडी, दोन वेढे, अर्धी गाठ, तिच्यावर अंगठ्याएवढी जाड लाकडी काठी किंवा पाना, वर पूर्ण गाठ आणि पीळ. उसाचं कांडं चालत नाही, मोडतं. काठीशिवाय नुसत्या हाताने गाठ ओढून मांडीची धमनी बंद होत नाही, कितीही ताकदीचा गडी असो. तार, सुतळी, दावं तर नकोच: अरुंद दोरीला धमनी दाबायला जास्त जोर लागतो आणि तो सगळा जोर एका रेषेत त्वचेवर आणि नसांवर पडतो.

अर्थात कोयत्याच्या प्रत्येक जखमेला हे लागत नाही. बहुतेक जखमा दहा मिनिटं सलग, मध्ये उचलून न बघता, तळहाताने दाबल्या की थांबतात. रक्त उसळत असेल, कपडा भिजून खाली थारोळं होत असेल, हात-पाय तुटला असेल, तर मात्र वाट पाहायची नाही. जांघेत, काखेत, मानेच्या बुडाशी टॉर्निकेट बसतच नाही. तिथे स्वच्छ कापड जखमेच्या तळापर्यंत कोंबून वरून भार द्यावा लागतो.

आता सापाकडे. विष दातांतून त्वचेखाली किंवा स्नायूत जातं आणि तिथून मुख्यतः लसीकेच्या वाटेने, हळूहळू, पुढे सरकतं. लसीकेला स्वतःचा पंप नसतो. चालताना स्नायू आकुंचन पावतात, तोच तिचा पंप. म्हणून विषाचा वेग कमी करायचा उपाय म्हणजे पाय न हलवणं, बांधणं नव्हे. मोडलेल्या हाडाला लावतात तशी फळी लावायची, सैल कापडाने जागच्या जागी धरायची, माणसाला चालू द्यायचं नाही. जोडवी, पैंजण, अंगठी, घड्याळ, बांगड्या लगेच काढायच्या, कारण सूज चढली की ह्याच वस्तू दोरीचं काम करतात. गाडी आणि 108 दोन्ही लांब असतील तर मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेलं तरी चालतं.

मग कुणी विचारेल, लष्करी टॉर्निकेट विष खरंच अडवेल की! अडवेल. पण त्यासाठी पायाचा रक्तपुरवठा तोडावा लागेल, आणि तोही कशासाठी? मांडीची धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. त्या हिशेबात पायाचे दोन तास पणाला लावणं योग्यच. सर्पदंशात प्रतिविषापर्यंत पोचायला बहुधा तेवढा अवधी असतो. तिथे पाय पणाला लावायची गरजच नसते. शिवाय घोणस आणि फुरशाचं विष चावलेल्या जागचं मांसच जाळतं. ते एका जागी कोंडून ठेवलं की जास्त जाळतं. नाग आणि मण्यारच्या बाबतीत धोका वेगळा: दोरी सुटते त्या क्षणी साचलेलं विष एकदम अंगात जातं आणि श्वास बंद पडू शकतो. मण्यार तर अनेकदा रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, जागेवर ना सूज ना वेदना. पोटात दुखतं, पापण्या जड होतात. अशा रुग्णाला दोरी बांधली तर पायावर जी सूज दिसते ती दोरीचीच, आणि डॉक्टरांचा अंदाज चुकतो.

ऑस्ट्रेलियात सगळा पाय लवचिक पट्टीने गुंडाळण्याची पद्धत 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून आहे. ती दोरी नव्हे, दाब मोजून दिलेला असतो. आपल्याकडे घोणस-फुरशाचा वाटा मोठा असल्यामुळे आणि योग्य दाब सरावाशिवाय जमत नसल्यामुळे ती सरसकट सांगितली जात नाही.

मग दोरीवर लोकांचा इतका विश्वास का, आणि टॉर्निकेटला डॉक्टरसुद्धा इतकी वर्षं का घाबरले? दोन्हींचं मूळ एकच, चुकीची मोजदाद. 1718 मध्ये पॅरिसच्या झां-लुई पेतीने स्क्रूचं टॉर्निकेट आणलं तेव्हापासून ते लढायांत आहे. महायुद्धांत जखमी बारा-बारा तासांनी इस्पितळात पोचायचे. टॉर्निकेट लावलेल्याचा काळा पडलेला पाय सर्जनला दिसायचा. टॉर्निकेट न लावल्याने रणांगणावरच रक्त जाऊन मेलेला त्याच्या टेबलापर्यंत येतच नव्हता. पुस्तकात लिहिलं गेलं: अगदी शेवटचा उपाय. दोरीचं नेमकं उलट. चावणाऱ्या सापांत बिनविषारींचा वाटा मोठा, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. असे सगळे रुग्ण वाचणारच होते. वाचले, आणि श्रेय दोरीला, नाहीतर देवऋषीला मिळालं.

टॉर्निकेटची मोजदाद लष्करी वैद्यकाने दुरुस्त केली. 1996 मध्ये अमेरिकेच्या लष्करी वैद्यकीय नियतकालिकात लढाईतल्या उपचारांचा क्रम नव्याने मांडला गेला, त्यात टॉर्निकेट पुढे आलं. 2005 पासून तिथे ते सैनिकांना सरसकट देऊ लागले. 2006 मध्ये बगदादच्या लष्करी इस्पितळात 232 जखमींची, 428 टॉर्निकेटांची नोंद ठेवली गेली. शॉकमध्ये जाण्याआधी (शॉक म्हणजे विजेचा नव्हे, रक्त जाऊन रक्ताभिसरण कोसळणं) टॉर्निकेट लावलेल्यांत 90 टक्के वाचले, शॉकमध्ये गेल्यानंतर लावलेल्यांत 10 टक्के. दुसरा गट फार छोटा होता, हे सांगायला हवं. पण केवळ टॉर्निकेटमुळे कापावा लागलेला अवयव त्या मालिकेत एकही नव्हता. अर्ध्या लोकांना बांधायचं आणि अर्ध्यांना तसंच सोडायचं, असा प्रयोग माणसांवर करता येत नाही. त्यामुळे या विषयातलं ज्ञान अशा नोंदींवरच उभं आहे.

जुन्या प्रथमोपचारातला एक नियम मात्र दोन्हीकडे चिकटून बसलाय: दर दहा-पंधरा मिनिटांनी सैल करा. टॉर्निकेट असं सोडलं की प्रत्येक वेळी थोडं थोडं रक्त जातं आणि बेरीज जिवावर बेतते. दोरी अशी सोडली की विषाचे हप्ते जातात. दोन्हीकडे हा नियम चूक.

दोरी आधीच कुणी बांधली असेल तर? रस्त्यात कापायची घाई नको, आणि आणखी आवळायचीही नाही. दवाखान्यात प्रतिविष, सलाईन आणि श्वासाला आधार द्यायची तयारी झाल्यावरच ती सोडतात. खालची नाडी बंद असेल तर दोरीच्या वर रक्तदाबाचा पट्टा फुगवतात, दोरी काढतात आणि पट्ट्याची हवा हळूहळू सोडतात. प्रतिविषाची सुरुवात साधारण 10 कुप्यांची, सलाईनमधून तासाभरात. लहान मुलालाही तेवढाच डोस, कारण सापाने विष मूल बघून कमी टोचलेलं नसतं.

दोन्ही प्रसंग एकमेकांत मिसळतात ते घोणस चावल्यावर. दाताच्या दोन खुणांतून रक्त पाझरत राहतं, थांबत नाही. कधी हिरड्यांतूनही येतं. टॉर्निकेट शिकलेल्या माणसाचा हात इथे हमखास शिवशिवतो. पण इथे धमनी तुटलेली नाही. विषाने रक्ताची गोठण्याची ताकदच संपवलीय, आणि ती फक्त प्रतिविषाने परत येते. तपासायला यंत्र लागत नाही: 2 मिलिलिटर ताजं रक्त काचेच्या नळीत घ्यायचं, 20 मिनिटं न हलवता उभं ठेवायचं, मग तिरकं करून बघायचं. वाहिलं तर गोठण बिघडलीय. नळी मात्र नवी, कोरडी आणि काचेचीच हवी. प्लास्टिकच्या किंवा साबणाच्या पावडरीने धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही वेळेत गोठत नाही, आणि नको असलेलं प्रतिविष दिलं जातं.