स्लाइस (गोल्फ)

गोल्फमध्ये मारलेला चेंडू हवेत वळत वळत खेळाडूच्या उजव्या अंगाला पळतो, त्या दोषाला स्लाइस म्हणतात. डावीकडे वळला तर तो हुक. न वळता, पण सरळच चुकीच्या दिशेला गेला तर उजवीकडचा पुश आणि डावीकडचा पुल. ही नावे उजव्या हाताने खेळणाऱ्याची; डावखुऱ्याने सगळे उलटे वाचावे. वळण बेताचे आणि ठरवून आणलेले असेल तर तो दोष राहत नाही, कसब होते: उजवीकडचे फेड, डावीकडचे ड्रॉ. अमेरिकन गोल्फपटू जॅक निकलॉस यांचा भरवशाचा फटका फेडच होता. नवशिक्यांच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा स्लाइस येतो, आणि तोही ड्रायव्हर नावाची सर्वांत लांब काठी (क्लब) हातात घेतल्यावर, म्हणजे नेमका लांबचा पहिला फटका मारताना.

कोल्हापुरात गोल्फला कुस्तीची किंवा फुटबॉलची गर्दी नाही. पण हा दोष समजावून सांगायला या गावाइतके सोयीचे गाव नाही, कारण इथे नेमबाजी घरोघरी ठाऊक आहे. २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर रायफल प्रोनचे जागतिक विजेतेपद मिळवणाऱ्या तेजस्विनी सावंत इथल्याच, आणि २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्यपदक आणणारे स्वप्नील कुसळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे. रेंजवर वावरलेले पोरसुद्धा आधी ‘ग्रुप’ बघते. पाच गोळ्या विखुरल्या असतील तर चूक नेमबाजाची. पाचही एकाच ठिकाणी, पण उजवीकडे लागल्या असतील तर साइटचा, म्हणजे नेम धरायच्या भागाचा, नॉब दोन क्लिक फिरवायचा, काम झाले. गोल्फमध्ये निदानाचा अर्धा भाग असाच चालतो. कधी डावीकडे, कधी उजवीकडे असे चेंडू उधळणाऱ्यापेक्षा प्रत्येक वेळी उजवीकडेच घालवणारा खेळाडू लवकर सुधारतो.

उपायाचा अर्धा भाग मात्र इथेच फसतो. चेंडू उजवीकडे जातोय म्हटल्यावर माणूस साइट फिरवतो, म्हणजे थोडा डावीकडे तोंड करून उभा राहतो. साइट हलवली हे रायफलच्या नळीला कळत नाही. गोल्फरच्या खांद्यांना कळते. खांदे डावीकडे वळले की क्लब बाहेरून आत, चेंडूला कापत येतो, आणि स्लाइस आणखी वाढतो. पुढच्या रविवारी तो माणूस आणखी डावीकडे उभा राहतो.

हे का घडते ते पाहण्यासाठी आघाताच्या क्षणाकडे जावे लागते. क्लब आणि चेंडू एकमेकांना सुमारे अर्धा मिलिसेकंद चिकटलेले असतात. तेवढ्यात दोन गोष्टी ठरतात: क्लबचे तोंड, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, कुठे बघत होते आणि क्लब कुठल्या वाटेने चालला होता. चेंडू निघतो तो मुख्यतः तोंडाच्या दिशेने. ड्रायव्हरच्या बाबतीत सुरुवातीच्या दिशेतला साधारण ८५ टक्के वाटा तोंडाचा असतो. पुढे तो वळतो तो तोंड आणि वाट यांच्यातल्या फरकामुळे. तोंड वाटेच्या मानाने उजवीकडे उघडे राहिले की चेंडूच्या फिरकीचा आस उजवीकडे कलतो आणि विमान एका पंखावर झुकल्यासारखा चेंडू तिकडे ओढला जातो. जुन्या शिकवणीत हे उलटे सांगत: चेंडू वाटेने निघतो आणि तोंडाकडे वळतो. वेगवान कॅमेरे आणि डॉपलर रडार आल्यावर ती समजूत मागे पडली, तरी सल्ल्यांमध्ये ती अजून जिवंत आहे. तोंड किती महत्त्वाचे, हे एका आकड्यावरून कळेल: निघतानाची दिशा १ अंशाने चुकली तर २०० मीटरवर चेंडू साडेतीन मीटर बाजूला पडतो, आणि यात वळण अजून धरलेलेच नाही.

फिरत्या चेंडूचे वळणे न्यूटन यांनी १६७२ मध्येच टेनिसच्या चेंडूवरून नोंदवले होते. पुढे १८५२ मध्ये हाइनरिख माग्नुस यांनी त्यावर प्रयोग केले आणि या परिणामाला त्यांचे नाव मिळाले. गोल्फच्या चेंडूवर ते लागू केले स्कॉटिश पदार्थवैज्ञानिक पीटर गथरी टेट यांनी. त्यांचा मुलगा फ्रेडी १८९६ आणि १८९८ चा ब्रिटिश हौशी विजेता होता, त्यामुळे प्रयोगाचा विषय घरातच हिंडत होता म्हणायचा. शाहू स्टेडियमवर उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने मारलेला फुटबॉल उजवीकडे वळताना ज्यांनी पाहिला आहे त्यांना माग्नुस निराळा शिकवावा लागत नाही.

ड्रायव्हरच का? त्याचे तोंड लांबच्या फटक्यांच्या सगळ्या क्लबांत जवळजवळ उभे असते, ९ ते १२ अंशांचा लॉफ्ट (तोंड मागे कललेले असण्याचा कोन). म्हणून मागची फिरकी कमी पडते आणि तोंडातली थोडीशी चूकही आसाला खूप कलवते. तीच चूक वेजने, म्हणजे तोंड खूप कललेल्या आखूड क्लबने केली तर चेंडू फारसा वळत नाही. त्यात ड्रायव्हर सर्वांत लांब, साधारण ४५ इंची. तोंड वेळेवर काटकोनात आणणे अवघड.

तिसरे कारण चेंडू तोंडावर कुठे लागला हे. शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवाल्याला हे दोन वाक्यांत पटेल. एकमेकांत अडकलेली दोन दातेरी चाके उलट दिशांना फिरतात. चेंडू दांड्याजवळच्या टाचेकडे लागला की क्लबचे डोके एका बाजूला वळते आणि चेंडूला उलटी, उजवीकडची फिरकी मिळते. नावही गिअर इफेक्ट असेच आहे. टोकाकडे लागला तर डावीकडची. ड्रायव्हरचे तोंड किंचित फुगीर घडवतात ते याचीच भरपाई व्हावी म्हणून.

गच्चीवर जाळी बांधून सराव करणाऱ्याला चेंडूचे उड्डाण दिसतच नाही, तेव्हा ही खूण त्याचा आधार. तोंडावर टाल्कम पावडरचा पातळ थर फुंकावा, पाच फटके मारावेत आणि ठसे बघावेत. ठसे टाचेकडे गोळा झाले असतील तर पकड, खांदे वगैरेंच्या फंदात न पडता आधी चेंडूपासून अर्धा पाऊल मागे सरकून पाहावे. महिनाभर हात बदलत बसलेल्या माणसाचा स्लाइस कधीकधी एवढ्यावरच निम्मा होतो.

ठसे मधोमध असूनही चेंडू वळत असेल तर पाळी पकडीची. डावा हात दांड्यावर असा हवा की खाली पाहिल्यावर त्याच्या बोटांच्या मुळाशी असलेले दोन ते तीन सांधे दिसावेत. एकच दिसत असेल तर तोंड उघडे राहणार. आवळूनही धरायचे नाही. तालमीत घडलेल्या मनगटांना हे सगळ्यात जड जाते. ‘हात सैल सोड लेका, कुस्तीची पकड नव्हं ही,’ एवढे एक वाक्य पुष्कळांना पुरते, कारण आवळलेले मनगट आघाताच्या वेळी वळत नाही आणि तोंड बंद होत नाही. क्रिकेटमधून आलेल्यांची अडचण वेगळी: डोके चेंडूवर आणि वजन पुढच्या पायावर ही त्यांची चांगली सवय इथे नडते. ड्रायव्हरला चेंडू डाव्या टाचेसमोर, निम्मा क्लबच्या माथ्याच्या वर दिसेल इतका उंच टीवर (चेंडू ठेवायच्या खुंटीवर), आणि डोके चेंडूच्या मागे लागते.

वाट सुधारायची ती पकडीनंतर. खाली येताना खांदे आधी फिरले की क्लब बाहेर फेकला जातो. त्यासाठी चेंडूच्या पलीकडे, वीतभर अंतरावर क्लबचे रिकामे कव्हर ठेवतात. बाहेरून येणारा क्लब त्याला लाथाडतो आणि खेळाडूला सांगायला कोणी लागत नाही. पायांची रेषा तपासायला बाजारात रंगीत काठ्या मिळतात, पण सरळ बघून तोडलेला ऊस तेच काम करतो, आणि कोल्हापुरात तो शोधायला लांब जावे लागत नाही. ही सोय सरावापुरती. २०१९ पासूनच्या नियमांनुसार डावात दिशा दाखवायला जमिनीवर वस्तू ठेवणे निषिद्ध आहे.

हुकची कारणे याच्या उलट: पकड उजवीकडे जास्त वळलेली, तोंड बंद. चांगल्या खेळाडूंना तोच जास्त छळतो. अमेरिकन गोल्फपटू बेन होगन यांनी डाव्या हाताची पकड डावीकडे वळवून आपल्या हुकवर मात केली.

वारा दोष निर्माण करत नाही, मोठा करतो. समोरून येणारा वारा वळण वाढवतो, कारण चेंडूला भेटणाऱ्या हवेचा वेग वाढतो. पावसाळ्यात रंकाळ्यावर पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले की जो वारा अंगावर येतो, त्यात ड्रायव्हर मारणाऱ्याचा बारीकसा स्लाइसही लपत नाही. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीमुळे इथली हवा किनाऱ्यापेक्षा सुमारे ५ टक्के विरळ आहे; चेंडू किंचित लांब जातो आणि किंचित कमी वळतो. सवलत म्हणावी इतकी ती नाही.

उपकरणांनी थोडी मदत होते. टाचेकडे वजन सरकवलेले ड्रायव्हर तोंड बंद व्हायला हातभार लावतात. ड्रायव्हरच्या तोंडाला व्हॅसलीन फासून फिरकी कमी करण्याची युक्ती जुनीच, पण नियमबाह्य. १९७० च्या दशकात अमेरिकेत पोलारा नावाचा चेंडू आला. त्याच्या पृष्ठभागावरचे खळगे मुद्दाम असमान ठेवलेले होते, त्यामुळे तो हवेत आपोआप सरळ राहायचा. त्यावर वाद होऊन नियमांत चेंडू सममित असावा ही अट आली. असा चेंडू मित्रांच्या डावात चालतो, स्पर्धेत नाही.