पनवेल बस स्थानक

पनवेल बस स्थानक हे रायगड जिल्ह्यातील पनवेल शहरात, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत असलेले एसटीचे स्थानक आणि आगार आहे. जिल्हा रायगड असला तरी हे आगार उरणप्रमाणेच महामंडळाच्या मुंबई विभागात मोडते. रायगड विभागाचा कारभार पेणहून चालतो. तक्रार कुठे करायची, याबाबत प्रवाशांचा गोंधळ होतो तो यामुळेच.

स्थानकाचे महत्त्व जागेत आहे. मुंबई, ठाणे आणि जेएनपीटी बंदराकडून येणारे रस्ते कळंबोली सर्कलला मिळतात आणि पनवेलपुढे पळस्पे फाट्यावर कोकणचा राष्ट्रीय महामार्ग 66 जुन्या पुणे रस्त्यापासून फुटतो. त्यामुळे कोकणात जाणारी आणि घाटावर जाणारी अशी दोन्ही वाहतूक येथून जाते.

येथे दोन प्रकारच्या गाड्या मिळतात आणि हा फरक कळला की निम्मा त्रास वाचतो. आगाराच्या किंवा येथूनच सुटणाऱ्या गाड्या फलाटावर आधी लागतात, त्यामुळे बसायला जागा मिळते. मुंबई सेंट्रल, परळ, बोरिवली, ठाण्याहून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या मात्र वाटेतल्या. त्या काही मिनिटे थांबतात, वाहक नियंत्रकाकडे नोंद करतो आणि उरलेल्या जागांवरच प्रवासी घेतो. त्यांची पनवेलची वेळ हा अंदाज समजावा. मानखुर्द, वाशी खाडीपूल किंवा कळंबोलीला कोंडी झाली की दोन गाड्या एकापाठोपाठ येतात: पहिलीला दारात लोंबकळणारी गर्दी, दुसरी अर्धी रिकामी आणि नंतर बराच वेळ काहीच नाही. पहिलीच्या पाठीमागे दुसरी आहे का, हे नियंत्रकाला विचारून मगच झुंबडीत शिरावे.

आरक्षण करताना चढण्याचे ठिकाण पनवेलच निवडावे. ते सुरुवातीच्या स्थानकाचे राहिले तर वाहकाच्या यादीत प्रवासी तिथेच गैरहजर दिसतो आणि आसनावरून वाद होतो. भाडे 6 किलोमीटरच्या टप्प्यांनी मोजले जाते. महिलांना 17 मार्च 2023 पासून तिकिटात 50 टक्के सवलत आहे, 75 वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास मोफत असतो. ज्येष्ठांनी वयाचा पुरावा जवळ ठेवावा.

पुण्याला जाणाऱ्यांची फसगत वेगळी. द्रुतगती मार्गाने जाणाऱ्या बहुतेक गाड्या स्थानकात येतच नाहीत, कळंबोलीहूनच वर चढतात. त्यांच्यासाठी तिथल्या मॅकडोनाल्डजवळ उभे राहण्याचा प्रघात आहे. खोपोली, लोणावळामार्गे जुन्या रस्त्याने जाणारी गाडी हवी असेल तर स्थानक बरे. शहरातल्या उड्डाणपुलावरून गेलेली गाडीही स्थानकाला चुकवते, म्हणून बोर्डावर 'पनवेल' लिहिले आहे एवढ्यावर विसंबू नये.

रेल्वे स्थानक येथून साधारण वीस मिनिटांच्या चालीवर आहे. हार्बर आणि ठाणे-पनवेल लोकल तसेच कोकण रेल्वेच्या गाड्या तिथे मिळतात. सामान असेल तर रिक्षा करावी लागते. भाडे आधी ठरवलेले बरे.

'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' तत्त्वावरील (म्हणजे खासगी विकासकाने बांधून काही वर्षे वापरून परत द्यायची) पुनर्बांधणी अनेक वर्षे रखडल्याने प्रवाशांना तात्पुरत्या शेडवर भागवावे लागले आहे. पावसाळ्यात आवारात पाणी आणि खड्डे असतात. गणपतीच्या आदल्या दिवसांत कोकणच्या जादा गाड्या मुंबईतूनच भरून येतात. तेव्हा माणगाव, महाडपर्यंतच जायचे असेल तर रत्नागिरी-सावंतवाडीच्या गाडीची वाट न पाहता जवळच्या पल्ल्याची गाडी पकडणे सोयीचे.