मुंबईहून थायलंडमध्ये छोटं हॉटेल काढायचंय? व्हिसा, वर्क परमिट आणि कागदपत्रांचा क्रम

पट्टाया आणि फुकेतला भारतीय पर्यटकांची गर्दी पाहून आलेल्या मुंबईकराच्या डोक्यात पहिला विचार येतो, इथे मिसळ-वडापावचं एखादं हॉटेल काढलं तर? विचारात गैर काही नाही. चुकतो तो क्रम. आधी जागेचं डिपॉझिट भरलं जातं, मग ओळखीच्या एजंटकडून कंपनी काढली जाते आणि व्हिसाचं नाव सगळ्यात शेवटी निघतं. तिथला कायदा बरोबर याच्या उलट बाजूने विचारतो: धंद्यात मालकी किती, ती कोणाच्या पैशातून, आणि त्या धंद्यात तुम्ही नेमकं काय काम करणार?

मालकीपासून सुरुवात करू. थायलंडच्या १९९९ च्या परदेशी व्यवसाय कायद्यात परदेशी माणसासाठी निर्बंध असलेल्या व्यवसायांच्या तीन याद्या आहेत. खाद्यपदार्थ आणि पेयांची विक्री तिसऱ्या यादीत येते. म्हणजे परदेशी हिस्सा ५० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर वेगळा परवाना लागतो, आणि छोट्या हॉटेलसाठी तो मिळवणं फार अवघड. म्हणून बहुतेक जण ४९ टक्के स्वतःकडे आणि ५१ टक्के थाई भागीदारांकडे अशी कंपनी काढतात. नोंदणी व्यवसाय विकास खात्याकडे होते आणि फेब्रुवारी २०२३ पासून कंपनी काढायला दोनच प्रवर्तक पुरतात.

इथे मला कळकळीने सांगायचंय. 'नावाला थाई पार्टनर देतो, सह्या आधीच घेऊन ठेवू' असं सांगणारा एजंट भेटला तर तिथूनच परत फिरा. नुसत्या नावापुरता भागीदार ठेवणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख ते १० लाख बाट दंड, किंवा दोन्ही. ती तुम्हालाही होते आणि नाव देणाऱ्या थाई माणसालाही. थाई भागीदाराने त्याच्या हिश्शाचे पैसे कुठून आणले, याचा पुरावा अधिकारी मागू शकतात. खरा, पैसे घालणारा, धंद्यात रस असणारा भागीदार मिळत नसेल तर तुमचं हॉटेल अजून तयार नाही, एवढंच समजा.

आता आकडे. एका परदेशी माणसाच्या वर्क परमिटसाठी सर्वसाधारण निकष असा: कंपनीचं २० लाख बाट भरणा झालेलं भांडवल आणि चार थाई कर्मचारी. शिवाय बिझनेस व्हिसा वर्षभरासाठी वाढवायचा तर भारतीय माणसाचा पगार महिना किमान ३५,००० बाट दाखवावा लागतो आणि त्यावर तिथला आयकर भरावा लागतो. (थाई व्यक्तीशी लग्न झालेल्यांना अट अर्धी: १० लाख बाट, दोन कर्मचारी.)

बाटचा भाव पावणेतीन रुपये धरला तर २० लाख बाट म्हणजे ५५ लाख रुपये, आणि त्यातला तुमचा ४९ टक्के हिस्सा जवळपास २७ लाख. बँकॉकमध्ये जुलै २०२५ पासून किमान रोजंदारी ४०० बाट आहे. चार माणसं, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ४१,६०० बाट. त्यात तुमचा दाखवलेला पगार मिळवा. भाडं, गॅस, भाजी यांच्या आधीच महिना ७६,६०० बाट, म्हणजे दोन लाख दहा हजार रुपयांच्या पुढे. नवरा स्वयंपाकघरात आणि बायको व्यवस्थापनात, दोघंही काम करणार असाल तर परमिटं दोन. मग भांडवल ४० लाख बाट आणि थाई कर्मचारी आठ. चार टेबलांच्या खानावळीला हा भार पेलत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. थोडं मोठं काढा, नाहीतर आधी तिथल्या एखाद्या भारतीय हॉटेलात रीतसर नोकरी करून बाजार बघा.

शेअर असणं वेगळं आणि काम करणं वेगळं, हे घरच्या सगळ्यांना समजावून ठेवा. शेअर घ्यायला वर्क परमिट लागत नाही, पण स्वतःच्याच हॉटेलात ताट उचललं तरी ते काम धरलं जाऊ शकतं. परमिटशिवाय काम करताना सापडलं तर ५,००० ते ५०,००० बाट दंड, देशाबाहेर रवानगी, आणि दोन वर्षं नवं परमिट नाही. काही कामं तर परमिट काढूनही मिळत नाहीत. रस्त्यावर गाडी लावून विकणं, केस कापणं, टूर गाइड, थाई मसाज, गाडी चालवणं ही कामं थाई नागरिकांसाठी राखीव आहेत. दुकानात उभं राहून माल विकण्याचं कामही भारतीयाला खुलं नाही. गल्ल्यावर थाई माणूस बसवा आणि तुमचं परमिट व्यवस्थापक किंवा आचारी म्हणून काढा.

व्हिसा हवा तो नॉन-इमिग्रंट बी, म्हणजेच वर सांगितलेला बिझनेस व्हिसा. जुलै २०२४ मध्ये भारतीयांना पर्यटक म्हणून ६० दिवसांचा व्हिसाविना प्रवेश मिळाला, तेव्हापासून 'असंच जाऊन बसू, पुढचं पुढे' हा सल्ला फार फिरतोय. पर्यटक म्हणून जाऊन जागा बघा, वकिलाला भेटा, भागीदाराशी बोला, पण काम करू नका. पाच वर्षांचा डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) मुख्यतः बाहेरच्या देशातल्या मालकासाठी ऑनलाइन काम करणाऱ्यांचा आहे. स्थानिक हॉटेल चालवायला तो चालत नाही.

बी व्हिसाचा अर्ज थायलंडच्या ई-व्हिसा पोर्टलवर करायचा. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईतल्या थाई वाणिज्य दूतावासाकडे जातात. पासपोर्ट, फोटो आणि बँक स्टेटमेंट तर लागतंच. खरं वजन मात्र तिकडून येणाऱ्या कागदांचं: कंपनीचा नोंदणी दाखला, भागधारकांची यादी, कंपनीचं निमंत्रणपत्र, आणि रोजगार खात्याकडे तुमच्या नावाने आगाऊ केलेल्या अर्जाचं मंजुरीपत्र. हे शेवटचं पत्र जुनेजाणते अजून 'डब्ल्यूपी ३' म्हणूनच मागतात. ते हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका. व्हिसावर प्रवेश मिळतो ९० दिवसांचा. तेवढ्यात वैद्यकीय दाखला घेऊन वर्क परमिट काढायचं आणि मग इमिग्रेशनकडून वर्षाची मुदतवाढ घ्यायची.

दहावी न झालेल्यांसाठी एक वेगळी पायरी आहे आणि ती हमखास राहून जाते. त्यांचा पासपोर्ट ईसीआर, म्हणजे 'इमिग्रेशन तपासणी आवश्यक' असा असतो. ज्या १८ देशांत कामाला जाताना अशा पासपोर्टवाल्याला भारत सरकारची मंजुरी लागते, त्यांत थायलंड आहे. उत्तम हाताचा पण आठवी शिकलेला आचारी सोबत न्यायचा असेल तर ई-मायग्रेट पोर्टलवरून प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी घ्या. त्यांचं मुंबईचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात विदेश भवनात आहे. ही मंजुरी नसली तर त्या माणसाला विमानतळावरून परत फिरवतात.

मुंबईतली कागदपत्रं

कुटुंब सोबत न्यायचं तर त्यांना अवलंबित म्हणून नॉन-इमिग्रंट ओ व्हिसा मिळतो. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले लागतात, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. महापालिकेचा जुना जन्मदाखला काढून बघा. अनेकांच्या दाखल्यात बाळाच्या नावाचा रकाना कोराच असतो, कारण बारशाच्या आधी नोंद झाली आणि नंतर वॉर्ड ऑफिसला कोणी गेलंच नाही. आधी ते नाव नोंदवून नवा दाखला घ्या. दुसरी अडचण आडनावाची. विवाहाच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं आणि मुलाच्या दाखल्यावर आईचं नुसतंच पहिलं नाव, असं असेल तर पासपोर्ट हाच पाया धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या. 'एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र जोडता येतं, पण मूळ दाखलाच दुरुस्त केलेला बरा.

मग शिक्के. दाखला आधी मंत्रालयातून प्रमाणित, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून, मग थाई दूतावासाकडून. थायलंडसाठी नुसत्या अपोस्टिलच्या (परराष्ट्र मंत्रालयाचा एकच आंतरराष्ट्रीय शिक्का) भरवशावर राहू नका. परराष्ट्र मंत्रालय हे कागद नेमलेल्या एजन्सींमार्फतच घेतं. तिकडे गेल्यावर थाई भाषांतर करून तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का घ्यावा लागतो. पहिल्या शिक्क्याआधी सगळ्याच्या रंगीत स्कॅन प्रती काढून ठेवा.

पैसे पाठवताना

निवासी भारतीय एका आर्थिक वर्षात एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम पाठवू शकतो. पण परदेशी कंपनीत शेअर घेऊन धंदा चालवायचा असेल तर ती परदेशी थेट गुंतवणूक होते आणि तिला ऑगस्ट २०२२ चे नियम लागतात. बँकेत फॉर्म एफसी भरून युनिक ओळख क्रमांक आधी घ्यायचा, पैसे त्यानंतर. 'नातेवाइकाचा घरखर्च' असं कारण लिहून भांडवल पाठवायला कोणी सुचवलं तर ऐकू नका. पुढे कंपनी विकून पैसे परत आणताना बँक पहिला तोच कागद मागते.

टीसीएसचाही, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ कापते त्या कराचाही, हिशेब धरा. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत तो लागत नाही, त्यावरच्या रकमेवर अशा कारणासाठी २० टक्के. आपल्या २७ लाखांच्या उदाहरणात बँक जवळपास ३ लाख ४० हजार रुपये जादा कापेल. ते विवरणपत्र भरताना जमेस धरले जातात, पण तोवर अडकून राहतात. नेमकं दुकान लावायच्या महिन्यात ही रक्कम हाताशी नसते.

जागा भाड्यानेच घ्या. परदेशी माणसाला तिथे जमीन विकत घेता येत नाही. तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार जमीन कार्यालयात नोंदवलेला नसेल तर तीन वर्षांपलीकडे तो टिकत नाही. दोनशे चौरस मीटरपर्यंतच्या हॉटेलला स्थानिक कार्यालयाचं सूचना-प्रमाणपत्र पुरतं, त्याहून मोठ्याला परवाना लागतो. दारू ठेवायची तर उत्पादन शुल्क खात्याचा परवाना वेगळा. वर्षाची उलाढाल १८ लाख बाटपलीकडे गेली की व्हॅटची नोंदणी सक्तीची.

बस्तान बसल्यावरही काही तारखा भिंतीवर लिहून ठेवाव्या लागतात. घरमालकाने तुमच्या राहण्याची खबर २४ तासांत द्यायची असते, दर ९० दिवसांनी तुम्ही पत्ता कळवायचा असतो. गणपतीला मुंबईला येण्याआधी री-एंट्री परमिट काढा, एका फेरीचं १,००० बाट, अनेक फेऱ्यांचं ३,८०० बाट. ते न काढता देश सोडला तर वर्षाची मुदतवाढ त्याच दिवशी रद्द होते आणि बी व्हिसापासून सगळं पुन्हा करावं लागतं. कंपनीचे हिशेब दरवर्षी ऑडिट करून तिकडे द्यायचे, आणि परदेशी गुंतवणूक दाखवली असेल तर वार्षिक कामगिरी अहवाल ३१ डिसेंबरपर्यंत मुंबईतल्या बँकेत.